मावळलेला उंचवटा

रायपूर स्टेशनवर मी मान ताठ करून उतरलो. कॉलेजात व्याख्यान होतं आणि विषय माझा हातखंडा: नव्या मूलकणाचा शोध. न्यायला दिनकरराव आले होते; मुक्काम त्यांच्याकडेच होता. मूळचे वर्ध्याचे, रेल्वेतून निवृत्त, घर तात्यापाऱ्यात (पारा म्हणजे मोहल्ला).

"गाडीले काहून इतका उशीर?" म्हणत त्यांनी माझी बॅग हिसकावलीच.

घरी गरम फरे (तांदळाच्या पिठाचे उकडलेले लांबट मुटके) पुढ्यात आले. मी अधाशासारखे खाल्ले, चटणी सदऱ्यावर सांडली.

"पोट्टीले नव्या राजधानीत सरकारी नोकरी लागली," दिनकरराव सांगू लागले. "पण मृणाल म्हणते, नोकरी नाही, संशोधन करतो. तुमचं भाषण ऐकून ठरवन."

"पापा, बस भी करो," मृणाल लाजली.

व्याख्यानात मी सांगितलं, विश्व भयंकर तापलेलं होतं तेव्हा विद्युतचुंबकी बल आणि क्षीण बल एकच होतं. निवताना ती सममिती मोडली, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. का मोडली ते अजून नीट उमगलेलं नाही. कदाचित त्यामागे एखादा न सापडलेला कण असेल. मग पडद्यावर आलेख दाखवला. उतरत्या रेषेवर मधेच एक उंचवटा, म्हणजे नव्या कणाची खूण. सभागृहात 'वा!' झाली.

अहो, तो उंचवटा दोन दिवसांपूर्वीच मावळला होता! आमच्या गटाने जास्तीच्या मोजणीचा निकाल जाहीर केला होता. आधीचा नुसता योगायोग निघाला. मला ठाऊक होतं. पण तो आलेख काढला तर माझ्याकडे दाखवायला उरत काय होतं?

मृणालने हात वर केला. "सर, ये उभार अब भी है?"

"हव," मी म्हणालो. (हव म्हणजे हो.) वर तिथलाच शब्द वापरला म्हणून टाळ्याही घेतल्या.

संध्याकाळी तेलीबांधा तलावाकाठी दिनकरराव भेटेल त्याला सांगत सुटले, "नवा कण भेटला यायले!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी हसून मान डोलावत राहिलो.

सकाळी गाडी फलाटाला लागली, दिनकरराव बॅग ठेवायला डब्यात चढले, सोडायला आलेली मृणाल आणि मी खाली उरलो, तेव्हा कुठे धीर झाला. "मृणाल, काल मी खोटं बोललो. तो उंचवटा आता नाही."

"पता है, सर. नतीजा पढ़के ही आई थी. इसीलिए पूछा था."

घरी पोचून चार दिवस झाले नाहीत तोच तिचा निरोप आला: 'नौकरी जॉइन कर ली, सर. कण नहीं मिला, इसलिए नहीं.'

दिनकररावांनी वाटेसाठी दिलेला फऱ्यांचा डबा घासून ठेवला आहे. परत द्यायला हवा, पण कोणत्या तोंडाने जाऊ?