भिंतीलगत एक रांग

भेंडी घेताना ती प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघायची. कट्कन मोडलं तर पिशवीत, नुसतं वाकलं तर परत माझ्या टोपलीत. अशी वाकवलेली भेंडी मी पुढे कोणाला विकायची, हा विचार तिने कधी केला नाही. मी म्हणायचे, "अक्का, लेवानं नही तर हात लावू नको." ती म्हणायची, "कोवळी असती तर मोडली असती. माझ्यावर काय चिडतेस?"

अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. भाजी पसंत नाही, भाजीवाली पसंत नाही, तरी रोज तिथेच येतात.

आमचं तालुक्याचं गाव धुळ्याहून जळगावला जाताना लागतं. तिथल्या दवाखान्याच्या भिंतीलगत आम्ही बायका भाजी मांडतो. ती पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची. धुळ्याला एका कचेरीत तिने नोकरी केली होती. लोकांचे अर्ज वाचायचे आणि साहेबासाठी त्यांचा सारांश लिहायचा, हे तिचं काम. सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही म्हणायचे. तिचं वय जास्त की माझं, हे आम्ही कधी ताडून पाहिलं नाही. दोघींनाही हरायचं नव्हतं.

एका सकाळी ती भेंडीला हात न लावता उभी राहिली. म्हणाली, "तुम्हाला उठवणार आहेत."

नगरपालिकेने फेरीवाल्यांच्या धोरणाचा मसुदा काढला होता. तो फलकावर लावला होता आणि आम्ही त्या फलकासमोरून रोज जायचो. त्यात आमची भिंत बंद केली होती आणि आमच्यासाठी हायवेपलीकडचं मैदान ठेवलं होतं. त्या मैदानावर सावलीचं एक झाड नाही. हायवे ओलांडून मेथीची जुडी घ्यायला कोण येणार?

माझ्या शेजारी सिंधू बसते. तिने हात झटकले. "व्हई गयं मंग. आपलं कोण ऐकस?"

"झालेलं नाही," अक्का म्हणाली. "मसुदा आहे. हरकती मागवल्यात. ठरल्यावर रडण्यापेक्षा ठरायच्या आधी लिहा."

लिहायचं म्हटल्यावर आम्ही आमच्या रीतीने गेलो. आमच्या संघटनेचे अध्यक्ष आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी निवेदन लिहून आणलं. 'मायबाप सरकार' इथे सुरू होऊन 'आम्ही अडाणी गोरगरीब भगिनी' इथे संपणारं. पालिकेच्या साहेबांना शाल, नारळ, गुलाबांचा गुच्छ. कागदाचं एक टोक भाऊंच्या हातात, दुसरं साहेबांच्या, आणि मागे आम्ही सगळ्या माना उंच करून. फोटो पेपरात आला. सिंधूने तो मोबाईलवर तिच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

अक्का आली. "पोच कुठाय?"

"कसली पोच?" भाऊ म्हणाले.

"आवक खिडकीवर कागद दिला की आपल्या प्रतीवर शिक्का मारून देतात. ती."

भाऊंनी साहेबांच्या शिपायाला फोन लावला. शिपाई म्हणाला, शाल आणि गुच्छ मी गाडीत ठेवला, कागदाचं मला माहीत नाही.

"गुच्छमाच व्हई कागद," सिंधू म्हणाली.

"मग आता गुलाब हरकत नोंदवतील," अक्का म्हणाली. "तुम्ही कागद फोटोला दिलात. पालिकेला दिलाच नाही."

भाऊ तापले. "अक्का, एवढं कळतं तर तुम्हीच लिहा!"

"लिहिते," ती म्हणाली आणि माझ्या कांद्याच्या रिकाम्या गोणीवर बसली.

तिने आधी पेन उघडलंच नाही. विचारलं, "वाचणार कोण?"

"साहेब," आम्ही म्हटलं.

"साहेब नाही, कारकून वाचतो. त्याच्यापुढे हरकतींचा ढीग असतो आणि प्रत्येक हरकतीला तो तक्त्यात एक ओळ देतो. लांबलचक रडगाणं आलं की मीसुद्धा लिहायचे, 'अर्जदारांनी आपल्या अडचणी मांडल्या आहेत.' संपलं. तुमची ओळ त्याला बनवू द्यायची नाही. आपणच द्यायची, त्याला जशीच्या तशी उतरवता येईल अशी."

'मायबाप' तिने सगळ्यात आधी काढलं. "मायबाप म्हटलं की तुम्ही लेकरं झालात. लेकरांना विचारून कोणी घर बांधतं का?" मग 'अडाणी' काढलं. सिंधूला तिचा नवरा वारल्याचं लिहायचं होतं. अक्का म्हणाली, "वारला त्याचं मला वाईट वाटतं. पण त्याने रस्ता रुंद होत नाही." सिंधू पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. कोणाला नळ हवा होता, कोणाला संडास, कोणाला पोलिसाची तक्रार घालायची होती. "एकच मागा," अक्का म्हणाली. "पाच मागितलं की ते त्यातलं सगळ्यात स्वस्त देतात आणि मोकळे होतात."

मग तिने विचारलं, "त्यांना तुमचा त्रास काय आहे?"

माहीत सगळ्यांना होतं. दवाखान्याच्या फाटकापाशी आम्ही दोन्ही बाजूंनी बसायचो. पेशंटची गाडी आली की ती हॉर्न वाजवत उभी राहायची आणि आम्ही टोपल्या ओढत बसायचो.

"तेच लिहायचं. आणि त्यावर तुमचा उपाय. भिंतीलगत एक रांग, फाटक पूर्ण मोकळे."

फाटकालगतची पहिली जागा माझी होती. आधी सासूची, मग माझी. दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस माझ्याकडून लिंबं घेतो आणि मग पुढे बघतो.

"मंग मन्ही जागा?" मी विचारलं.

"जाईल."

"लिखस तू, आनि जागा जाई मन्ही?"

"हो. रांगेच्या शेवटी बसशील. नाहीतर सगळ्याच जणी मैदानात बसा."

त्या दिवशी मी तिला भाजी दिली नाही. घरी जाऊन खूप विचार केला असं काही नाही. विचार करण्यासारखं त्यात नव्हतंच. गोष्ट सरळ होती, फक्त मला आवडली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कागदावर पहिली सही केली, चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवली होती तशी, ठसठशीत. अक्का म्हणाली, "तुझी सही वर असली की बाकीच्या जणी जागेवरून भांडणार नाहीत." हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. मला राग आला, आणि बरंही वाटलं. काय जास्त वाटलं ते सांगत नाही.

कागद एका पानाचा झाला. खिडकीवर दिला, शिक्का घेतला. फोटो कोणी काढला नाही.

सुनावणीची तारीख लागली आणि तिच्या आधीच अक्का गेली. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, ते उघडलं नाही. जळगावहून पुतण्या आला, त्याने सगळं उरकलं. आम्ही त्या दिवशी धंदा बंद ठेवला नाही. माल पहाटेच उचललेला होता आणि पालक कोणासाठी थांबत नाही. पण पाळीपाळीने तिच्या दारात जाऊन आलो. सिंधू सगळ्यात जास्त वेळ बसली. भाऊंना चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लावायचा होता, पण तिचा फोटो कोणाकडेच निघाला नाही. बरं झालं.

सुनावणीत बोलायचं माझ्यावर आलं. भाऊ बोलतो म्हणाले, मी नको म्हटलं. जागा माझी जाणार होती, त्यांची नाही.

मी उभी राहिले आणि सांगितलं, "भिंतीलगत एक रांग, फाटक पूर्ण मोकळं. फाटकाची जागा माझी आहे, ती मी सोडते. मैदानात आम्ही जाणार नाही."

साहेब हसले. "आजी, तुम्हाला कोणी शिकवून पाठवलंय?"

"हो," मी म्हटलं. "तुम्हालाही कोणीतरी शिकवलंच असेल ना."

मागे सिंधूला खोकला आला. साहेब हसायचे थांबले. "आणखी काही मागणी?"

नळ जिभेवर आला होता. संडास आला होता. "नाही," मी म्हटलं. "हीच."

धोरण पक्कं झालं तेव्हा मी फलकापाशी जाऊन ओळीवर बोट ठेवत वाचलं. आमच्या भिंतीच्या नावापुढे आमच्याच कागदावरचे शब्द होते, एकही बदललेला नव्हता. ते कोणी लिहिले हे कुठेच नव्हतं. अक्काच्या घराला कुलूप आहे. दारावर पुतण्याने 'विकणे आहे' असं लिहून स्वतःचा नंबर टाकलाय.

मग एक दिवस पालिकेचा माणूस पांढरा रंग, ब्रश आणि दोरी घेऊन आला. फाटकापाशी थांबून त्याने खाली पाहिलं. मी अजून तिथेच बसले होते.

"आजी, उठावं लागेल."

मी लिंबांची टोपली उचलली, तराजू उचलला, गोणी झटकली. तो मदतीला वाकला, त्याला नको म्हटलं. मी बसायचे त्याच फरशीवर त्याने दोरी धरली.

"दोरी ताण," मी त्याला सांगितलं. "रेघ पार भिंतीला भिडव, मध्येच सोडू नको. उद्या इथे कोणी टपरी आणून टाकली तर तुला शोधत येईन."

त्याचं रंगवून होईपर्यंत मी टोपली कमरेवर घेऊन तिथून हलले नाही.