नव्या वर्दीचा जुना शिंपी

"पोट आत वडू नगा. आज टेपला फसवशीला, उद्या बटन खरं सांगंल."

माप घेताना मास्तर हे सुभेदारालाही ऐकवत आणि नव्या रिक्रूटालाही. समोरचा ओशाळून श्वास सोडी, मग मास्तर आकडा लिहीत. सांगलीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्यांचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ, की मशीनच्या आवाजावरून मला कळे, पँट चाललीय की शर्ट. चाळीस वर्षं त्यांनी लष्करी वर्दीशिवाय काही शिवलं नाही. कुणी लग्नाच्या सफारीचं कापड आणलं, तर म्हणत, "पलीकडच्या गल्लीत जावा. तिथं लय झ्याक शिवत्यात."

सुट्टीवरचे जवान त्यांच्याकडे पार मेढ्याहून, जतहून यायचे. पाठीवर एक सुरकुती दिसली, की मास्तर अख्खी शिवण उसवत. एसटी चुकेल म्हणून जवान घायकुतीला आला, तर त्याला चहा पाजत, पण वर्दी हातात देत नसत. "परेडला तू हुबा ऱ्हाणार रं, पण बघणारा माजं काम बघतोय."

तुमच्याही ओळखीत असं एखादं हट्टी माणूस असेल. आमच्या मास्तरांच्या हट्टाची परीक्षा मात्र सरकारनंच घेतली.

लष्करानं लढाईची वर्दी बदलली. नवं कापड, नवी नक्षी, शर्ट पँटच्या बाहेर. शिवाय ते कापड उघड्या बाजारात मिळणार नाही, बाहेरच्या शिंप्यानं ही वर्दी शिवायची नाही. जवानानं ती लष्कराकडूनच तयार घ्यायची. एका जवानाच्या मोबाईलवर आलेली ती सूचना मास्तर माझ्याकडे छापायला घेऊन आले. स्टुलावर बसून त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली.

"म्हंजी आमी शिवायची न्हाई."

"नाही, मास्तर."

"कारण काय लिवलंय?"

"कुणीही शिवून घेतो, कुणीही घालून फिरतो. धोका आहे."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरोबर हाय." आणि उठून गेले. त्या दिवशी भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही.

आठवड्याभरात माधवनगरचा एक कापडवाला हुबेहूब तशाच नक्षीचा तागा घेऊन आला. "कोण बघतंय मास्तर? समदे शिवायला लागल्यात." मास्तरांनी कापड बोटात चोळलं, घडी घातली आणि परत दिलं. "वर्दी घालून दुसऱ्याच्या घरात शिरणाराबी तुमच्याकडनंच कापड न्हील. त्येला माजी सुई न्हाई मिळायची." दुसऱ्या दिवशी ते स्वतः शिडीवर चढले आणि पाटीवरची 'वर्दी' ही अक्षरं चुन्यानं पुसून आले. त्यानंतर ते शाळेचे गणवेश शिवू लागले. मन लागत नव्हतं, ते आवाजावरून कळायचं.

एकदा जतकडची एक मुलगी आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, घरातून फौजेत गेलेली पहिलीच. सोबत पागोटं बांधलेले वडील. तिनं पिशवीतून नवी वर्दी काढली आणि अंगातल्या ड्रेसवरच शर्ट चढवून दाखवला. खांदे कोपराकडे निघालेले, बाह्या बोटांपर्यंत.

"मास्तर, जरा आत घेता का? समदी हसत्यात."

मास्तरांचा हात टेपकडे गेला आणि थांबला. "शिवायची न्हाई, आसं लिवलंय पोरी. आत घ्यायला चालतंय का, ते लिवल्यालं न्हाई. इचारून सांगतो."

"कुणाला इचारनार?"

"ज्येंनी लिवलं त्येंस्नी. तुजी सुट्टी किती हाय?"

"बारा दिस."

बसनं दीड तासावर एक लष्करी ठाणं होतं. पहिल्या दिवशी पहारेकऱ्यानं मास्तरांना फाटकावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला नाव लिहून घेतलं, पण संध्याकाळपर्यंत साहेब आलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला मी दुकान बंद करून सोबत गेलो. पासष्टीचा माणूस उन्हात उभा राहतो आणि आपण सावलीत बसून गंमत बघतो, हे बरं वाटेना.

साहेब मराठीच निघाले. सगळं ऐकून हसले. "चाचा, एवढं विचारायला तीनदा आलात? गपचूप आत घेतली असती, तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं आसतं," मास्तर म्हणाले. मग त्यांच्या खांद्याकडे बघत, "साहेब, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय."

मला वाटलं, संपलं. साहेबांनी खिडकीच्या काचेत पाहिलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग शर्ट काढून मास्तरांच्या हातात दिला आणि बनियनवर खुर्चीत बसून राहिले. मास्तरांनी खिशातली सुई काढून वीस मिनिटांत खांदा उसवून पुन्हा बसवला. शर्ट घातल्यावर साहेबांनी हात वर-खाली करून बघितले आणि निकाल दिला. नवी वर्दी शिवायची नाही ती नाहीच. पण जवानाची तयार वर्दी अंगाला बसवून द्यायची असेल, तर ती इथे, ठाण्याच्या शिंपीखोलीत. "आणि येताय, तर तिथं शिवणाऱ्या आमच्या तीन पोरांना एवढं शिकवा."

मुलीची वर्दी तिथेच बसली, सुट्टीचे तीन दिवस उरले असताना. आरशासमोर ती नुसती उभी राहिली. वडील पागोट्याच्या शेवानं नाक पुसत होते.

पुढे दोन वर्षं मास्तर दर सोमवारी पहिल्या बसनं जायचे. कुरकूर चालूच असे. शर्ट बाहेर सोडल्यावर कंबर झाकते, मग शिंप्याला इज्जत उरली ती खांद्यावरच, असं त्यांचं म्हणणं. नजर अधू झाली, तेव्हा डोळे मिटून नुसत्या तळहातानं पोरांची शिवण तपासत. एका सोमवारी ते गेले नाहीत. मंगळवारी मी खांदा द्यायला होतो.

ती तिन्ही पोरं तेव्हा बंदोबस्तात अडकली होती. पाच महिन्यांनी, साहेबांची परवानगी काढून, ती वर्दीत मास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोला, चाचींना भेटायला आली. चाची दारात आल्या तशी तिघं एका ओळीत उभी राहिली. चाचींनी मास्तरांसारखाच एकेकाच्या खांद्यावरून तळहात फिरवला, शिवणीपाशी थांबत थांबत. तिसऱ्यापाशी हात जरा रेंगाळला.

"ह्यो खांदा तुजा तूच बसवलायस न्हवं?"

"व्हय, चाची."

"चांगला बसलाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना आत यायला वाट दिली.