नळावरचा नारळ

माझी आई अजून लोकांना सांगते, "मुलगी गंजाच्या कारखान्यात आहे." आम्ही गंज बनवत नाही, काढतो. सातिवलीच्या आमच्या गाळ्यात लोखंडी नट-बोल्ट येतात, हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत बुडतात, गंज टाकून बाहेर येतात, पाण्यात धुतले जातात आणि मग त्यांच्यावर जस्त चढतं. मी तिथली सुपरवायझर. कुणी हातमोज्यांशिवाय टाकीजवळ दिसला की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे मी इतक्यांदा बजावलंय की मला बघूनच माणसं ते म्हणून मोकळी होतात.

टाकी सांभाळणारे काका मिठागराच्या गावातले. "मिठाचाच भाऊबंद हाय ह्यो, पन तापट," असं ते ॲसिडबद्दल सांगायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे.

टाकीजवळ भिंतीला डोळे धुण्याचा नळ आहे. स्टीलचं गोल भांडं आणि बाजूला एक पाटी. पाटी ढकलली की पाण्याच्या दोन धारा वर उडतात, त्यांवर डोळे धरायचे. तो बसवून घ्यायला मी मालकांचं डोकं खाल्लं होतं.

गेल्या दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली तेव्हा मी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत ॲसिड भरताना पंपाची नळी जोडातून निसटली. संरक्षक चष्मा होता, पण एक शिंतोडा गालावरून उसळून खालच्या फटीतून उजव्या डोळ्यात गेला. आग आग झाली. सवयीने नळाकडे धावले, तर हाताला लागला नारळ.

भांड्याचा आकार बघून मंडळींनी त्याचा कलश केला होता. आंब्याची पानं, वर नारळ, आणि पाटीला झेंडूची माळ अशी गच्च गुंडाळलेली की ती हलेना. आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नव्हते.

काकांनी नारळ भिरकावला, माळ तोडली आणि माझं डोकं धारेवर धरलं.

"डोला उघडा ठेव, ताय. मिटू नको."

"नळावर नारळ ठेवायची अक्कल कुणाची?"

"माझी. मागून शिव्या दे, आता डोला उघड."

मी कितीदा तरी "बस झालं" म्हटलं. त्यांनी सोडलं नाही. माझ्याच तोंडचे नियम ते मला ऐकवत होते. गालाला पाकळ्या चिकटल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलात म्हणून आशा आहे, पण आत्ताच काही सांगता येणार नाही. पट्टी बांधून मी घरी वाडीत बसून राहिले. आईवर चिडायचे, केळीच्या पानांवर चिडायचे. पट्टी निघाली तेव्हा सगळं धुरकट होतं. मग हळूहळू धूर विरत गेला. काका भेटायला आले नाहीत. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते, असं कळलं. कामावर परतल्यावरही माझ्या डोळ्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

यंदाच्या दसऱ्याला मी हजर होते. काका माळ घेऊन उभे. "ताय, कुठं घालू?" मी नळाच्या बरीच वर, भिंतीतला खिळा दाखवला. माळ घातल्यावर त्यांनीच प्रत्येकाला पाटी ढकलायला लावली. "याची पूजा पान्यानंच," म्हणाले. आमची नळाची पूजा आता अशीच होणार.

मग ते दाराशी गेले आणि उरलेली फुलं हातात उंच धरली. "ताय, चांगला डोला झाक. किती हायेत?"

वर्षभर गिळलेला प्रश्न होता तो. मी डावा डोळा झाकला आणि गंमत म्हणून म्हटलं, "कसली फुलं?"

त्यांचा चेहराच उतरला. मला पुढे रेटवेना.

"तीन, काका. आणि मधलं चेपलंय."

काकांनी खाली पाहिलं. मधलं खरंच चेपलेलं होतं. त्यांनी ती फुलं आपल्या डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.