कडी रेनचा पलंग

आमच्या खाणकामगारांच्या गल्लीत 'उद्या' कुणी म्हणायचंच नाही. म्हणायचं 'बुकरा'. काही दाखवायचं असलं की 'ये, शुफ्ती मार', आणि 'जाऊ दे' म्हणायचं तर 'मालेश'. ही सगळी कडी रेनची देणगी. सुवेझच्या छावणीत आम्ही दोघंही शिपाई होतो. मी तिथून बिघडलेलं पोट घेऊन आलो, त्यानं तिथल्या धोब्याकडून उचललेले अरबी शब्द आणले. माझी सासू जन्मात कधी इंग्लंडातल्या आमच्या डरहॅमबाहेर गेली नाही, पण दूधवाल्याला सांगायची, "पैसे बुकरा ने रे!"

कडीला नाद लीकचा. म्हटलं तर कांद्याच्याच जातीची भाजी. पण त्याचा एकेक बुंधा माझ्या मनगटाहून जाड. सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन भरे आणि सगळ्यांत जाड जोडीला पहिलं बक्षीस मिळे. त्या वर्षी बक्षीस होतं अक्रोडाच्या लाकडाचा डबल पलंग. कडी आणि त्याची बायको मेविस लग्नापासून त्याच्या आईच्या, मधोमध खड्डा पडलेल्या पलंगावर झोपत होती.

जूनमध्ये मेविसच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरनं शहरातल्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. एकटीनं जायची तिला धास्ती.

मी आमच्या दोन परसांमधल्या कुंपणाशी उभा होतो. ती कडीला म्हणाली, "गुरुवारी येतोस ना माझ्याबरोबर?"

"बुकरा, राणी. प्रदर्शन होऊ दे. तुला राजवाड्यातला पलंग आणतो की नाही बघ!"

"अरे, लीक काय पळून जातायत?" मी म्हणालो.

"पळत नाहीत, पण जळणारे रात्रीत कापून टाकतात. गेल्या साली टॉमीच्या वाफ्यात सुरी फिरली, विसरलास?"

"मी राखतो ना दिवसभर."

"तू? तुझीच जोडी आहे की प्रदर्शनात!"

मी खो खो हसलो. मेविसही हसली. "मालेश," म्हणाली आणि आत गेली. जूनचे जुलै-ऑगस्ट झाले. मी पुन्हा विषय काढला नाही.

कडीचा पहिला नंबर आला. टाळ्या काय, शिट्ट्या काय! सोमवारच्या बसनं दोघं इस्पितळात गेली. डॉक्टरनं तपासलं आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?"

त्यांनी तिला तिथंच ठेवून घेतलं. शुक्रवारी दुकानाची गाडी पलंग टाकून गेली. तिनं तो पाहिलाच नाही. नोव्हेंबरात ती गेली.

पलंग सुट्या भागांत, खाकी कागदात गुंडाळलेला, पुढच्या दाराच्या आतल्या बोळात भिंतीला टेकून उभा. मी पाना घेऊन गेलो. "कडी, जोडून टाकू या?"

"बुकरा," तो म्हणाला.

दर नाताळला मी विचारायचो, तेच उत्तर. अकरा वर्षं तो खुर्चीत झोपला. शेवटी त्या खुर्चीतच गेला. शवपेटी उचलून आम्ही चौघं बोळाशी आलो, तर वाटेत पलंग. कुणी पलंगाला हातही लावला नाही. मागं वळलो आणि परसदारानं, लीकच्या रिकाम्या वाफ्यावरून कडीला बाहेर काढलं.