बदामाच्या पानाचं पापलेट

जानेवारीची सकाळ. मुंबईकर हौसेनं ज्याला थंडी म्हणतात, तेवढा गारवा पडला होता. शीव कोळीवाड्याच्या बाजारात शेफाली आईच्या पाटीतल्या पापलेटांवर फोडलेला बर्फ पसरत होती. आई, तुळसा, पहाटेच धक्क्यावरून माल घेऊन आलेली. बसायच्या आधी तिनं पदर खोचला आणि लेकीच्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडं पाहिलं.

"हात धुव गो नीट. नायतर तुजी ती फोटूवाली मानसं नाक मुरडतील."

"लिंबू लावलंय, आये."

"आनिक एक लाव."

शेफालीला हसू आलं, पण तिनं दुसरं लिंबू खरंच चोळलं. कोळीवाड्यातल्या हळदींचे फोटो काढता काढता ती या धंद्यात शिरली. हळदीत मोठी माणसं कॅमेरा दिसला की पोट आत घेतात, पोरं मात्र तशीच नाचत राहतात, हे तिनं पाहून ठेवलं होतं. मग ती लहान पोरं असलेल्या घरांचे फोटो काढू लागली, तेही बाहेर, उघड्यावर. खुळखुळा वाजवायचा नाही, 'हस ना बाळा' म्हणायचं नाही. पोरांच्या उंचीला बसायचं आणि त्यांना काहीतरी उद्योग सापडेपर्यंत गप्प राहायचं, एवढीच तिची रीत.

आजचं कुटुंब दादरच्या चौपाटीवर वाट बघत होतं. उन्मेष बोटीवर इंजिनिअर. उद्या निघणार, तो पावसाळा सरल्यावरच परतणार. केबिनमध्ये लावायला त्याला लेकीबरोबरचा एक फोटो हवा होता. आतापर्यंत तिथं जो लावलेला असायचा, त्यात ती रांगत होती.

आता चार वर्षांची झालेली मनू खणाचं परकर-पोलकं घालून वाळूत उभी होती, दुकानातल्या बाहुलीसारखी, दोन्ही हात अंगापासून लांब धरून.

"हिला काय झालं?" शेफालीनं विचारलं.

मनूची आई प्राची ओशाळली. "अहो, आठवडाभर मीच सांगत होते, कपडे मळवलेस तर फोटोवाली मावशी ओरडेल म्हणून."

"म्हणजे मला बागुलबुवा केलंत की!"

"मी त्याहून मोठा बागुलबुवा," उन्मेष म्हणाला. "बॅगा भरलेल्या पाहिल्यापासून माझ्याशी बोलत नाहीये." त्यानं हात पुढे केला. मनू आईच्या मागे गेली.

त्यानं चॉकलेट दाखवलं, माकडासारखं तोंड करून दाखवलं. मनू ढिम्म. ऊन चढत चाललं होतं. अजून थोडा वेळ गेला असता, तर मिचमिच्या डोळ्यांपलीकडं काही हाती लागलं नसतं. शेफालीनं कॅमेरा गळ्यात सोडला आणि ओल्या, काळ्या वाळूत सरळ फतकल मारली.

"मावशी, मळलीस!" मनू पहिल्यांदा बोलली.

"मळले खरी. आता मला कोण ओरडणार?"

मनू जवळ आली, वाकली आणि तिनं नाक मुरडलं. "तुला कसला वास येतो?"

"मनू!" प्राचीचा चेहरा पडला.

दोन्ही लिंबं फुकट गेली होती. काहीतरी थाप मारावी असं शेफालीच्या मनात आलं, आणि गेलं. "मासळीचा," ती म्हणाली. "माझी आई मासे विकते. तुला येतात विकायला?"

भिंतीलगतच्या बदामाची लाल, रुंद पानं वाळूत पडली होती. शेफालीनं एक उचललं. "हे बघ पापलेट." एक सुरळी झालेलं वाळकं पान उचललं. "हा बोंबील." पुढचं सगळं मनूनंच ठरवलं. परकर पसरून बसली, पानं मांडली, वर वाळूचा बर्फ घातला. शेफालीनं आईचा हेल काढून दाखवला, "या गो बाय, ताजा म्हावरा!" मनूनं तो असा उचलला, की फिरायला आलेले कुणी आजोबा थबकून बघू लागले.

शेफाली मागे सरकून पोटावर आडवी झाली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "गिऱ्हाईक व्हा."

उन्मेष उकिडवा बसला. "काय ताई, पापलेट कसं दिलंत?"

"तुला नाही देणार."

"का हो?"

"तू जा बोटीवर! तिकडेच खा!"

उन्मेषनं एक पान उचलून वास घेतला. मग म्हणाला, "तिकडचं बेचव असतं हो. खाल्लंय मी."

"खाल्लंयस?" मागून प्राची. त्यांच्या घरी अंडंसुद्धा येत नसे. "हे कधीपासून?"

"घरी बोलू."

मनू खुदकन हसली. बाबाला आणखी कुणीतरी रागावतंय, याचं तिला फार बरं वाटलं.

"द्या ना ताई एक," उन्मेष म्हणाला. "लांब न्यायचंय. टिकेल ना?"

 मनूनं पानं उलटीपालटी केली, सगळ्यांत मोठं निवडलं. "बर्फ घालावा लागेल." ती उठली, पान बाबाच्या शर्टाच्या खिशात खुपसलं, त्यावर मूठभर वाळू ओतली आणि दोन्ही हातांनी खिसा थोपटला. "रोज बघायचं. खराब झालं तर परत घेऊन यायचं. मी बदलून देईन."

"येईन," उन्मेष म्हणाला.

शेफालीनं बटण दाबलं. परकर गुडघ्यापर्यंत मळलेला, बापलेकीची कपाळं टेकलेली, चारही डोळे खिशावर. कॅमेऱ्याकडं कुणीच पाहत नव्हतं.

"कॅमेऱ्यात बघून एक घ्यायचा का?" प्राचीनं विचारलं.

"हवा तर घेऊ."

शेफालीनं पुढे धरलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरून उन्मेषची नजर निघत नव्हती. "नको," तो म्हणाला. "हाच." त्यानं मनूला खांद्यावर घेतलं, आणि ती सगळ्या चौपाटीला पापलेट विकत गेली. खिशातली वाळू झाडायला त्यानं प्राचीला हात लावू दिला नाही.

शेफाली बाजारात परतली तेव्हा तुळसापुढं गिऱ्हाइकांची झिम्मड होती.

"झाला फोटू?"

"झाला. आये, तुला भागीदारीण मिळालीय. चार वर्षांची. मासली खराब निघाली तर बदलून देते."

"बदलून? मंग बुडाला धंदा!" तुळसा हसली, हातातलं पापलेट विळीवर धरत म्हणाली, "पुरं झाली मस्करी. बरफ संपलाय, हान जा."

शेफालीनं बॅग खुंटीला अडकवली आणि रिकामं घमेलं उचलून ती बर्फवाल्याकडं निघाली.