मोऱ्याच्या लाँचमधला प्रलय

ऐंशी सालाच्या सुमारास आम्ही उरणला राहायचो आणि मुंबईला मोरा बंदरावरून सुटणाऱ्या लाँचने जायचो. एकदा लाटा जरा जास्तच होत्या. बायकोने बाकाची कड घट्ट धरली आणि म्हणाली, "आज जगबुडीच होते बहुतेक." मी म्हटलं, "काही होत नाही, गप बस."

समोर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, मांडीवर छत्री आडवी. तो म्हणाला, "वहिनी, जगबुडीत जग नुसतं बुडतं. कयामत म्हणजे मुळात उभं राहणं, त्या दिवशी मेलेले उठून उभे राहतात म्हणून. आणि प्रलय म्हणजे विरघळणं. त्यात कुणी बुडत नाही." बोलताना त्याने चिमूट धरावी तशी बोटं मिटली आणि सावकाश उघडली.

"मग सगळं जातं कुठे?" तिने विचारलं. लग्न झाल्यापासून मला तिने असं काही विचारलं नव्हतं.

"जिथून आलं तिथेच."

बाकावरचा हात कधी सुटला ते तिला कळलंही नाही. मला कळलं. मुंबईचा धक्का आला, तो छत्री घेऊन उतरला. पुढे कित्येक दिवस मी लाँचमध्ये आधी त्याला शोधायचो आणि तो नसला की बरं वाटायचं.

त्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी ती आमटीत मीठ घालत होती. एरवी झटकन टाकते. त्या दिवशी तिची बोटं सावकाश उघडली आणि ती पातेल्यात बघत राहिली.

जेवताना मी आमटी खारट झालीय म्हणालो. झाली नव्हती.