लाखेच्या सीलमधला अहवाल

सरकारी वकिलांनी सांगितलं, "अहवाल गोपनीय आहे, देता येणार नाही." आणि ते खाली बसले.

मी सुमनबाईंचा वकील. सुरतेत लिंबायतला राहायच्या, मूळच्या धुळ्याकडच्या. नवरा पॉवरलूमच्या पट्ट्यात ओढला जाऊन गेला. 'दारू पिऊन आला होता' असं मालकाने भरपाईच्या दाव्यात कोर्टात लिहून दिलं. सरकारी इन्स्पेक्टरने दुसऱ्याच दिवशी पाहणी केली होती. खरं काय ते त्याच्या अहवालात, आणि तोच मी मागितला होता.

बाईंचं एकच म्हणणं, "साहेब, मना माणूस दारूले हात बी लावत नव्हता. पोरंस्ले काय सांगू?"

आता कायदा. नुसतं 'गोपनीय' म्हणून भागत नाही. खात्याच्या प्रमुखाने कागद स्वतः वाचायचा आणि तो उघड झाल्यास जनतेचं नेमकं काय नुकसान होईल, हे शपथेवर सांगायचं. त्या शपथपत्राला ऍफिडेव्हिट म्हणतात.

मी तेच मागितलं. पुढच्या तारखेला आलं. 'मी अहवाल काळजीपूर्वक वाचला असून तो उघड झाल्यास शेजारी राष्ट्रांशी संबंध बिघडतील.' लिंबायतच्या लूमवरून कोणतं राष्ट्र रुसणार होतं, कोण जाणे. कारकुनाने जुन्या फाइलमधला मसुदा उतरवला होता, साहेबांनी सही ठोकली होती. मला हसू आलं नाही, संताप आला.

जजसाहेबांनी मूळ अहवाल मागवला. स्वतः पाहून ठरवायचा त्यांना अधिकार असतो. प्रमुख साहेब पाकीट घेऊन हजर झाले.

जजसाहेबांनी ते उलटंपालटं केलं आणि हा अहवाल वाचलाय का, असं गुजरातीत विचारलं.

"तमे आ अहेवाल वांच्यो छे?"

"हा जी, नामदार."

"क्यांथी?" म्हणजे, कुठून वाचला?

लाखेचं सील शाबूत होतं. गोपनीय पाकीट फक्त साहेबांनीच फोडायचं, असा त्या ऑफिसचा नियम. म्हणून खालच्या कुणी फोडलं नाही आणि साहेबांनी कधी फोडलंच नाही. ते रुमालाने मान पुसत राहिले.

जजसाहेबांनी तिथेच सील तोडलं. आत दोनच पानं. पट्ट्यावर जाळी नव्हती. मयत निर्व्यसनी असल्याचं चार कामगारांनी सांगितलं होतं. शेजारी राष्ट्रांचा उल्लेख नव्हता.

नक्कल मिळाली. सुमनबाईंनी ती गल्लीत सगळ्यांसमोर थोरल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतली. दोनदा.

तेव्हापासून कुणी 'गोपनीय' म्हटलं, की मी आधी एवढंच विचारतो, पाकीट फोडलंय का?